कंपनीचा आरसा

कोल्हापूरहून सायलेन्सर आणला साडेसहा हजारांचा,
एसटीत, फडक्यात गुंडाळून, फोंड्याचा घाटभर मांडीवर,
जणू बहिणीचं बाळ.
बस्त्यावने बसवण्याआधी एकदाच विचारलं,
"आवाज कित्याक होयो तुका? तू वसुलेक जातंस मा?"
म्हटलं, गाडीला जरा वजन येतं.
त्याने पाना फिरवला. गिऱ्हाइकाशी तो वाद घालत नाही,
अर्धे पैसे आधी घेतो.

तेव्हापासून मिठबावच्या उतारावर मी गिअर पाडला
की खाली किनाऱ्यावर माणसं विरघळायची.
पतपेढीचे अकरा थकबाकीदार,
अकराही जणांना मी मैलभर आधी कळायचो.
पडवीत झोपाळा हलतोय, वर कोणी नाही.
बशीतला चहा वाफाळतोय.
उंबऱ्यावर पोर, पाठ केलेलं:
"बाबा मुंबयक गेले."
बाबांची लुंगी दारामागे श्वास घेतेय.

मार्चअखेर मॅनेजर जुवाटकरांनी आकडा वाचला,
चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

फॉग लाइटचं काय सांगू.
आमच्याकडे धुकं पडतं वर्षात चार दिवस,
आंब्याला मोहोर असताना, सगळ्यांच्या जिवाला घोर लावून,
आणि त्या चारही दिवशी माझी बॅटरी उतरलेली;
उरलेल्या तीनशे एकसष्ट रात्री
म्हशींच्या डोळ्यांत उजेड मारून दमलेली.

क्रोमच्या गार्डला खाऱ्या वाऱ्याने तोंड लावलं ते दिवाळीतच.
आधी ठिपके, मग पापुद्रे, मग तांबडं पाणी
माझ्या पँटीवर. सरोज म्हणाली,
"रातांब्याचा डाग असता तर समजून घेतलं असतं."
जेलचं सीट दुपारी म्हणजे उकड्या पेजेवर बसणं.
आणि चामड्याच्या पिशव्यांना श्रावणात बुरशी आली,
हिरवी, मऊ, कुरवाळावी अशी.
आत पावतीपुस्तक होतं.

दामू कोयंड्याला मी गाठला तो चेन तुटली म्हणून.
गाडी ढकलत गेलो, आवाज नाही,
तो अंगणात, मांडीवर एक यंत्र, हातात स्क्रूड्रायव्हर.
पळायला जागा नव्हती. दोघेही ओशाळलो.
कर्ज त्याने यासाठीच काढलं होतं:
पाण्याखालचे मासे दाखवणारा डबा,
अठ्ठावीस हजार, रंगीत पडदा.
"मासे दाखयता," तो म्हणाला, "खूप दाखयता.
जाळा टाकलंय काय खडप."
मग माझ्या गाडीभोवती एक फेरी मारली, सावकाश,
गंजलेल्या गार्डला बोट लावून वास घेतला.
"ह्या सगळा कितक्याक?"
मी खरा आकडा सांगितला. सरोजलाही सांगितलेला नाही तो.
त्याने आत हाक मारली, चहा ठेव म्हणून.
वसुलीच्या रकान्यात मी त्या दिवशी लिहिलं: घरी भेटले.

आता सगळं उतरवतोय. बस्त्याव जुना सायलेन्सर शोधतो म्हणतो,
बहुतेक गेलाय भंगारात, मालवणला.
आरसे तेवढे घरात होते, कंपनीचे.
ते काढून मी हँडलच्या टोकांना रुपयाएवढे गोल बसवले होते,
ज्यांत फक्त माझंच कोपर दिसायचं.
एक सापडला माळ्यावर.
दुसरा वडिलांनी फणसाला दोरीने बांधलाय, दाढीसाठी.
सकाळी पाना घेऊन गेलो. अर्ध्या तोंडाला फेस.
"थांब," म्हणाले, "हा गाल होऊ दे."
मी मागे उभा राहिलो. आरशात
त्यांच्या खांद्यावरून रस्ता दिसत होता,
पार वळणापर्यंत, स्वच्छ.